हातांतला दगड खालीं ठेवा!

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस आज आम्ही एक रोकडा सवाल घालणार आहों. सवाल कडू आहे. पण औषध कडू लागलें म्हणून थुंकून टाकण्याची चाल कष्टकऱ्यांच्या घरांत नाहीं. सवाल असा: सावित्रीबाई फुले जन्मल्या केव्हां, हें आम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण त्या मेल्या कशा, आणि आपल्या घरांत मरण आलें तेव्हां त्या वागल्या कशा, हें आमच्यापैकीं कितीजणांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यापैकीं कितीजण तसे वागतात?

जन्माचा दिवस कोणी विसरत नाहीं. ३ जानेवारी १८३१ रोजीं आजच्या सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं खंडोजी नेवसे पाटलांच्या घरीं ही लेक जन्मली. त्या दिवशीं शाळाशाळांतून चिमुकल्या पोरी लुगडीं नेसून, मोठें कुंकूं लावून उभ्या राहतात व "मी सावित्री" म्हणून भाषणें करतात. बाईंच्या नांवाचें टपालाचें तिकीट १९९८ सालीं निघालें. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ सालीं त्यांचें नांव मिळालें. १८४८ सालीं ज्या भिडे वाड्यांत मुलींची शाळा उघडली, तेथें स्मारक करण्यासाठीं जुनी पडकी इमारत २०२३ च्या डिसेंबरांत उतरविली गेली. हें सारें झालें तें योग्यच झालें. ज्यांच्या अंगावर शेण व दगड पडले, त्यांच्या तसबिरीवर आज फुलें पडतात, याचा आम्हांला आनंद कां वाटूं नये?

पण १० मार्च? तो येतो आणि ज्वारीच्या काढणींत, पोरांच्या परीक्षांच्या गडबडींत गुपचूप निघून जातो. त्या दिवशीं १८९७ सालीं बाई गेल्या. कशानें गेल्या? म्हातारपणानें नव्हे. अंथरुणावर पडून नव्हे. दुसऱ्याचें मूल पाठीवर घेतलें म्हणून गेल्या.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग शिरला व तेथून तो पुण्यास आला. उंदीर पटापट मरावे, माणसाच्या काखेंत नाहीं तर जांघेंत गांठ यावी, आणि दोनचार दिवसांत धडधाकट गडी आडवा व्हावा, असा तो रोग. लोक घरेंदारें टाकून रानांत झोपड्या घालून राहूं लागले. सख्खा भाऊ भावाला शिवेना. ज्यांनीं गिरणीमजुरांना एकी शिकविली ते सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्यें याच रोगाला बळी पडले. त्या वेळीं सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. या वयाची बाई घराचें दार लावून बसली असती तर तिला कोणीं नांव ठेविलें असतें? पण बाईंनीं फौजेंत डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाला, यशवंतरावाला, बोलावून घेतलें आणि हडपसरकडे ससाण्यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या गांवकुसाबाहेर महारवाड्यांत बाबाजी गायकवाडांचा मुलगा पांडुरंग गांठीनें तळमळत असल्याचें कळलें. बाई स्वतः गेल्या. त्याला पाठीवर घेतलें आणि दवाखान्यांत आणून पोंचविलें. तोच रोग त्यांना जडला आणि त्यांत त्या गेल्या. पुढें १९०५ सालीं यशवंतरावही रोग्यांची सेवा करतां करतां प्लेगनेंच गेला.

त्याच वर्षाचा दुसरा इतिहास सर्वांना पाठ आहे. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगवाल्या रँडसाहेबास गोळी घातली गेली. ती कोणीं घातली, पिस्तूल कोणापाशीं होतें, कोण फांशीं गेलें, हें शाळेंतलें पोरगें घडाघडा सांगतें. आम्ही त्या इतिहासावर बोळा फिरवा असें म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्लेगच्या सालीं एकानें गोळी घातली, तशीच एकीनें रोगी पाठीवर घेतला; मग पहिल्याचें नांव पुस्तकांत पानभर आणि दुसरीचें एका ओळींत, हा कोठला न्याय? मारण्याचा पराक्रम मोठा आणि उचलण्याचा लहान, असें ज्यानें ठरविलें त्यानें आयुष्यांत कधीं रोग्याचें अंथरूण धुतलें नसावें.

आतां दुसरें मरण. तें याच्याही आधींचें, जोतीरावांचें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव गेले. त्यांना पोटचें मूल नव्हतें. १८६३ सालीं या नवराबायकोनें आपल्याच घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें होतें. फसलेल्या विधवांनीं तेथें यावें, बाळंत व्हावें, मूल ठेवून जावें अगर घेऊन जावें, कोणी विचारणार नाहीं, अशी ती सोय. काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतला. जोतीराव गेले तेव्हां भाऊबंद पुढें सरसावले. दत्तकानें टिटवें धरावयाचें नाहीं, आमच्यापैकीं कोणी तरी धरील, म्हणून अडून बसले. टिटवें धरण्याला एवढें महत्त्व कां, हें शेतकऱ्याला सांगावयास नको. जो टिटवें धरील तो वारस, अशी समजूत. म्हणजे मडक्याआड घरदार होतें.

त्या क्षणीं सावित्रीबाई उठल्या. टिटवें त्यांनीं स्वतः उचललें. नवऱ्याच्या तिरडीपुढें त्या चालत गेल्या आणि अग्नि त्यांनींच दिला. एकशेतीस वर्षांहून जास्त काळ लोटला. कुंभारदादा, तुझ्या चाकावरच्या मडक्याला तेव्हां जो मान मिळाला तो पुन्हां किती वेळां मिळाला, तूंच सांग!

बरें, पुढें काय झालें? धनी गेला म्हणून बाई कोपऱ्यांत बसल्या काय? मुळींच नाहीं. १८९३ सालीं सासवडास सत्यशोधक परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानीं सावित्रीबाई होत्या. एक विधवा बाई, भरल्या सभेंत, अध्यक्ष! ज्या देशांत विधवेचें तोंड सकाळीं दिसलें तर लोक वाट बदलीत, त्या देशांतली ही गोष्ट आहे.

हीं दोन मरणें आम्हीं कां सांगितलीं? याचें कारण ऐका.

मागें एका गांवीं आम्ही सावित्रीबाईंच्या जयंतीला गेलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण तें कोणत्याही गांवाचें असूं शकेल. शाळेपुढें मांडव, तसबिरीला झेंडूचा हार, सरपंचांचें भाषण, सारें यथासांग. दुसरींतली एक पोर हिरवें लुगडें नेसून उभी राहिली आणि खणखणीत आवाजांत बोलली. लोकांनीं टाळ्या दिल्या. आम्हीं सहज विचारलें, हिची आई कोठें आहे? तर माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. मग कळलें कीं, पोरीचा बाप रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यावयास गेला होता, तो मोटारीचा धक्का बसून तेथेंच गेला. त्याला तीन आठवडे झाले होते. आई पंचवीस-सव्वीस वर्षांची. ती मांडवांत यावयाची नव्हती. चांगल्या कार्यांत तिनें कसें यावें? ती माजघरांत बसली होती. आम्ही भेटावयास गेलों. तिच्या मनगटावर कांचेनें कापल्याच्या दोन खपल्या होत्या. भाऊबंदांतल्या बायांनीं तिचे हात धरून, उंबऱ्यावर ठेवून, दगडानें बांगड्या फोडल्या होत्या. कुंकूं पुसलें होतें. जोडवीं काढलीं होतीं. लेक तिकडे मांडवांत "मी सावित्री" म्हणत होती आणि आई इकडे अंधारांत बसली होती!

आम्हीं सरपंचांस विचारलें, हें कसें? ते म्हणाले, रीत आहे.

वाचकहो, आमचा सवाल येथें आहे. ज्या हातानें तसबिरीला हार घालावयाचा, त्याच घरच्या हातानें विधवेच्या बांगड्यांवर दगड घालावयाचा, याला स्मरण म्हणावयाचें काय? पुण्याच्या रस्त्यांत सावित्रीबाईंवर ज्यांनीं दगड मारले त्यांना आम्ही मोठ्या त्वेषानें शिव्या देतों. पण तो दगड कोठें गेला? तो आमच्याच उंबऱ्यावर येऊन पडला आहे आणि आम्हींच तो उचलला आहे.

रीतीच्या वकिलांचीं उत्तरें आम्हांला ठाऊक आहेत. तीं एकेक घेऊं.

कोणी म्हणतो, भटजी सांगतो म्हणून करावें लागतें. ही सबब आतां चालावयाची नाहीं. भिक्षुकशाहीवर आम्हीं पुष्कळ कोरडे ओढले आहेत, व जेथें ती दिसेल तेथें पुढेंही ओढूं. पण बांगड्या फुटतात तेव्हां त्या उंबऱ्यावर भटजी असतो काय? तो दहाव्याला येतो, दक्षिणा घेतो, जातो. बांगड्या फोडणारी चुलती आपली, धरून ठेवणारी नणंद आपली, आणि ओट्यावर मान खालीं घालून बसलेले पुरुष आपले. दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय येथें नाहीं. बोट वळवा, आपल्याच छातीवर येईल.

कोणी म्हणतो, ही आमच्या कुळाची रीत आहे. खोटें! तुमच्या आज्यापणज्यांना विचारा. कुणबी, माळी, धनगर आणि कितीतरी कारागीर जातींत पाट लागत असे. नवरा मेला, बाई तरणी असली, तर तिचा पुन्हां संसार मांडून देत. त्यांत कोणाची मान खालीं जात नसे. पुढें चार पैसे गांठीं आले, कुलीन म्हणवून घेण्याची हौस आली, आणि ज्यांची पायरी आम्हांला चढावयाची होती त्यांच्या घरांतला विधवेचा छळ आम्हीं दागिन्यासारखा उसना आणला. पाट बुडाला, दगड आला. याला कुळाची रीत म्हणतां? ही उसनवारी आहे. आणि उसनें जें आणलें तें परत करण्यांत कमीपणा नाहीं.

कोणी म्हणतो, बायाच बायांना करतात, आम्ही पुरुष काय करणार? वा रे बहाद्दर! बैलजोडी बायांना विचारून घेतां? बांधाचें भांडण बायांना विचारून मांडतां? मग एवढ्याच कामांत बायांची सत्ता कोठून आली? ज्या म्हातारीनें दगड उचलला, तिच्याही हातावर चाळीस वर्षांपूर्वीं कोणीतरी दगड घातलेला असतो. तिला वाटतें, मी सोसलें तें हिनेंही सोसावें, नाहीं तर माझें सोसणें फुकट गेलें. तिला आम्ही दोष देत नाहीं. तिच्या हातांतून दगड काढून घ्या, तिलाही सुटल्यासारखें वाटेल.

आणि कोणी साळसूदपणें म्हणतो, अहो, तिला स्वतःलाच नटणें नको असतें. नको असेल तर ती नेसणार नाहीं, लावणार नाहीं. तिची ती जाणे. कुंकूं लावा असा हुकूम आम्ही सोडीत नाहीं. तुम्ही फक्त तिचे हात सोडा. जिचे दोन्ही हात चौघींनीं धरलेले आहेत, तिची मर्जी तुम्हांला कळली कशी?

आतां या सर्वांच्या मुळाशीं काय आहे तें सांगतों. जोतीरावांच्या तिरडीपाशीं मडक्याआड घरदार लपलें होतें, तसें बांगडीआड सातबारा लपलेला असतो. एकदां बाईला अशुभ ठरविलें, चार माणसांत येण्याची बंदी केली, म्हणजे ती तलाठ्याकडे जाणार कशी? वारसनोंदीचा कागद तिला कोण दाखविणार? १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें नवऱ्याच्या मिळकतींत विधवेला मुलांच्या बरोबरीनें वांटा दिला आहे. पण कायद्यानें जें नांव चढवावें तें भाऊबंदानें, तिचें कपाळ पुसतांना, हळूच पुसून टाकावें, हा धंदा गांवोगांव चालतो. म्हणून आम्ही म्हणतों, ही नुसती बांगडीची गोष्ट नव्हे. ही जमिनीची, घराची, पोरांच्या तोंडच्या घांसाची गोष्ट आहे.

हें होणारच नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं दोन दाखले ध्यानांत धरावे.

पहिला दाखला आमच्या कारागीर बांधवांचा. १८९० सालीं लोखंड्यांच्या पुढाकारानें मुंबईस न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यांवर वस्तरा चालवावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. तें त्यांचें पोटाचें काम होतें. त्या कामाचे पैसे मिळत. सावकाराचें देणें, घरांत खाणारीं तोंडें, असें असूनही ते म्हणाले, हें पाप आमच्या हातून होणार नाहीं. गरीब न्हाव्यानें हातचा पैसा सोडून वस्तरा खालीं ठेविला. आम्हांला तर दगड फोडण्याचा एक छदामही मिळत नाहीं, तरी तो आमच्याच्यानें खालीं ठेववत नाहीं!

दुसरा दाखला अगदीं अलीकडचा. ६ मे १९२२ रोजीं राजर्षि शाहू छत्रपति गेले. त्या गोष्टीला शंभर वर्षें होत होतीं, त्याच आठवड्यांत, ४ मे २०२२ रोजीं, कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें ग्रामसभेंत ठराव केला कीं, आमच्या गांवांत नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडावयाच्या नाहींत, कुंकूं पुसावयाचें नाहीं, मंगळसूत्र व जोडवीं काढावयाचीं नाहींत. महाराजांचें स्मरण करावयाचें तर असें करावें! त्याच महिन्यांत राज्य सरकारच्या ग्रामविकास खात्यानें परिपत्रक काढून इतर गांवांनींही हा कित्ता गिरवावा असें कळविलें. हेरवाड कांहीं आकाशांतून पडलेलें गांव नव्हे. तेथेंही भाऊबंद आहेत, म्हाताऱ्या आहेत, रीत आहे. त्यांना जमलें तें तुम्हांला कां जमूं नये?

तेव्हां ज्यांना सावित्रीबाईंचें स्मरण खरोखर करावयाचें आहे, त्यांनीं काय करावें? आम्ही थोडक्यांत सांगतों.

येत्या १० मार्चला हार आणूं नका. गांवांत जो अंथरुणाला खिळला आहे त्याच्या दारीं जा. २०२० सालीं करोनाच्या सांथींत गांवोगांव रस्त्यांवर कांटे टाकून वाटा बंद झाल्या, आपल्याच माणसाचें प्रेत ताब्यांत घेण्यास घरचे कचरले. तेव्हां दारोदार कोण फिरलें? आमच्याच घरांतल्या आशाबाया. त्या सावित्रीबाईंच्या खऱ्या वारसदार. आणि त्यांनाच जून २०२१ मध्यें मोबदल्यासाठीं संप करावा लागला. त्या दिवशीं तुमच्या गांवच्या आशाबाईला बोलावा, तिला मानाची जागा द्या आणि तिच्या हक्काच्या पैशासाठीं चार सह्या करा.

आपल्या ग्रामसभेंत हेरवाडसारखा ठराव मांडा. आणि ठराव दप्तरांत ठेवून झोपूं नका. ज्या दिवशीं गांवांत तरणा गडी जाईल, त्या दिवशीं चार जाणत्या बाया व चार पुरुष त्या उंबऱ्यावर उभे राहिले पाहिजेत. कासारदादा, ज्या बाईला तूं लग्नांत चुडा भरलास तिच्या दारीं तूंही उभा रहा. तुझा माल फुटतो म्हणून नव्हे. तूं तिचा हात हातांत घेतला होतास म्हणून.

विधवेला टिटवें धरावयाचें असेल तर धरूं द्या. लेकीला धरावयाचें असेल तर धरूं द्या. महिन्याच्या आंत तिचें नांव सातबाऱ्यावर चढलें कीं नाहीं हें ग्रामसभेंत विचारा. तेराव्याच्या पंक्तींत जें गोडधोड उठतें त्यांतला निम्मा खर्च तिच्या पोरांच्या शाळेला लावा. मेलेल्याला जेवण पोंचतें कीं नाहीं हें कोणीं पाहिलें नाहीं. पोराला पुस्तक पोंचलेलें मात्र डोळ्यांनीं दिसतें.

आणि सर्वांत शेवटीं, पुढच्या ३ जानेवारीला तुमच्या गांवची पोर "मी सावित्री" म्हणून उभी राहील, तेव्हां तिची आई मांडवांत आहे कीं माजघरांत, हें आधीं पहा. माजघरांत असेल तर भाषण थांबवा. दोन बायांनीं जाऊन तिला हाताला धरून आणावें, पुढच्या ओळींत बसवावें, मग पोरीनें बोलावें. हें होणार नसेल तर तसबीर भिंतीवरून उतरवून कपाटांत ठेवा. ज्या बाईनें नवऱ्याच्या तिरडीपुढें टिटवें धरलें आणि परक्याचें मूल पाठीवर घेऊन प्राण सोडला, तिला आमच्या खोट्या हारांचें ओझें नको.